खाऱ्याचा वास

मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आलेल्या गाडीला खाऱ्याचा, म्हणजे सुक्या खारवलेल्या मासळीचा, वास आला, तर गोव्यात त्याचं कुणालाच काही वाटत नाही. पुरुमेंताचे दिवस असतात. पोर्तुगीजांकडून आलेला हा शब्द आमच्या घरात आजीच्या तोंडी होता, आता आईच्या तोंडी आहे. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुके बांगडे, गालमो, सोलं, मिरच्या, चिंचेचे गोळे. आईने त्या शुक्रवारी सुक्या मासळीच्या दोन पिशव्या घेतल्या, आमच्या कॅम्परच्या मागच्या बाकाखाली सरकवल्या, आणि साखळी गावातल्या घरी येईपर्यंत आम्ही सगळे त्या वासातच बसून आलो.

पिशव्या माळ्यावर गेल्या. वास मात्र गाडीतच राहिला.

गाडी २००४ सालची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. हे मॉडेल भारतात १९८७ साली आलं, मर्सिडीजच्या जुन्या टी-१ व्हॅनवरून. आमच्या गाडीने आधी बारा वर्षं शाळेच्या मुलांची ने-आण केली होती. २०१६ साली आम्ही ती घेतली, सीटा काढल्या, दोन्ही बाजूंना बाक केले, एक छोटा ओटा केला, कपडे आणि डबे ठेवायला कपाटं केली. तेव्हा कुटुंबात कॅम्पर हा शब्दही कुणाला नीट माहीत नव्हता. आई तिला ‘जत्रेची गाडी’ म्हणायची, कारण तिच्या डोक्यात शिरगावची लईराई, शिरोड्याची कामाक्षी, म्हार्दोळची म्हाळसा अशी यादी तयार होती आणि तिथे जाऊन निवांत टेकायला जागा हवी होती.

आतलं वायरिंग मामाने केलं. मामा आईचा धाकटा भाऊ. खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्याने पंचवीस-तीस वर्षं टिप्परचं इलेक्ट्रिक काम पाहिलं. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या तेव्हा तोही थांबला. त्याने आमच्या गाडीत दोन पंखे, चार दिवे आणि मोबाइल चार्जिंगचे पॉइंट दिले, आणि बाहेरून घरातली वीज घेण्यासाठी एक लाइन आणली. दीडची वायर, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची. तेवढ्या कामाला दीडची वायर भरपूर होती.

एसी आला २०२२ च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी आईला उकाड्याने चक्कर आली आणि ती मागीलदारी तुळशीजवळ पडली. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी दुपारी थंड खोलीत झोपवा म्हणून सांगितलं. आमचं घर जुनं, चिऱ्यांचं, उंच कौलांचं. तिथे एसी लावून खोली थंड करायची म्हणजे आधी माळा बंद करायला हवा. गाडी अंगणात उभीच होती. मागच्या पत्र्याला चौकोन कापून एक टनाचा विंडो एसी बसवला. थंडावा टिकावा म्हणून पत्र्याला आतून इंचभर जाडीचा फोम आणि त्यावर प्लायवूड मारलं. तेव्हापासून आई दुपारी जेवून गाडीत झोपायला जायची. उशी काखेत, हातात पाण्याचा तांब्या. शेजारच्या बायका विचारायच्या, आज कुठे निघालात? ती म्हणायची, अंगणात.

हे सगळं करताना मामा इथे नव्हता. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलाकडे गेला होता. एक फोन करून त्याला विचारता आलं असतं. मी केला नाही. एसी बसवणारा माणूस म्हणाला, लाइन आहेच, तिच्यावरच घेतो. मला वाटलं, आहेच तर घ्यावं.

वर्षभराने ओट्यावर इंडक्शन शेगडी आली. तिचा सॉकेट एसीच्या सॉकेटमधूनच पुढे लूप करून घेतला. म्हणजे एसीच्या सॉकेटच्या ज्या स्क्रूखाली मुख्य वायर येते, त्याच स्क्रूखाली दुसऱ्या वायरीचं टोक दाबायचं आणि ती पुढे न्यायची. घरोघरी असंच करतात.

खाऱ्याचा वास जाईना म्हणून मी गाडी दोनदा धुतली. बाकाखाली लिंबाच्या फोडी ठेवल्या, एका वाटीत कॉफीची पूड ठेवली. आईने धूप घातला. सकाळी गाडी उघडली की वास नसायचा. दुपारी चहाच्या वेळी, एसी लावून आई उठलेली असताना आणि शेगडीवर आधण ठेवलेलं असताना, तो हलकेच यायचा. कुजक्या मासळीचा नव्हे. सुक्या बांगड्याच्या पिशवीचं तोंड कुणीतरी थोडंसं उघडून ठेवावं तसा. लेक म्हणाली की फोममध्ये मुरला असेल. मलाही ते पटलं.

त्यानंतरच्या सोमवारी आम्ही काणकोणला गेलो. श्रीस्थळच्या मल्लिकार्जुनाला आईचं काहीतरी बोललेलं होतं. दर्शन झालं आणि मुक्कामाला पैंगीणला मावसबहिणीच्या अंगणात गाडी लावली. तिच्या ओसरीवरच्या पॉवर पॉइंटमधून वायरीच्या रिळाने वीज घेतली. अर्धी वायर रिळावर गुंडाळलेलीच राहिली. हवा इतकी दमट होती की अंगावरचं लुगडं पिळून काढावं असं आई म्हणत होती. एसी लावला, शेगडीवर भात चढवला.

आणि पाच-दहा मिनिटांत आई ताठ उठून बसली. सोमवारी गाडीत खाऱ्याचा वास कसा?

आमच्याकडे सोमवारी मासळी शिवत नाहीत. त्यातून शिवाच्या दारातून आलेलो. आईला तो वास सहन होईना. तिने आम्हाला सगळे डबे बाहेर काढायला लावले. बाक उचलला, चटया झटकल्या, ओट्याखालचा पाण्याचा कॅनसुद्धा बाहेर आला. गाडीत मासळीचा कणही नव्हता. लेक शेवटचा डबा ओढण्यासाठी वाकली, तोल सांभाळायला तिने एसीच्या बोर्डावर हात टेकला आणि झटक्यात मागे घेतला.

“आई, हे तापलंय गं.”

मी हात लावून पाहिला. इस्त्री बंद करून पाच मिनिटं झाल्यावर जशी लागते तसा बोर्ड लागत होता. पांढऱ्या सॉकेटभोवती तपकिरी कडं उमटलं होतं, जुन्या पुस्तकाच्या पानावर तेलाचा डाग पसरतो तसं. वास तिथूनच येत होता.

शेगडी बंद केली, एसी बंद केला, नवऱ्याने धावत जाऊन ओसरीवरचं बटण बंद केलं आणि रिळाची पिन उपटली. रीळही गरम होतं. थोड्या वेळाने एसीचा टॉप, म्हणजे प्लग, सॉकेटमधून काढायला गेले तर तो निघेना. पितळी पिन आणि आतलं प्लास्टिक एकमेकांना धरून बसलं होतं.

त्या रात्री आम्ही सगळे बहिणीच्या ओसरीवर झोपलो. म्हणजे बाकीचे झोपले. मी अंगणातल्या गाडीकडे बघत पडून होते. आईचं उसं बाकाच्या मागच्या टोकाला असतं. तिथून तो बोर्ड दोन हातांवर. त्याच्या मागे फोम, फोमच्या वर प्लायवूड. मागचं दार एसीने अडलेलं, म्हणून बाहेर पडायची एकच वाट, पुढची. तीन उन्हाळे ती तिथे रोज दुपारी झोपली होती, आणि गार झोप लागावी म्हणून दार आतून मीच ओढून घ्यायला सांगत असे.

मामाने नंतर वासाचं कारण सांगितलं. स्विच-सॉकेटमध्ये जे पांढरं, कडक प्लास्टिक वापरतात त्यातले काही प्रकार युरियापासून किंवा मेलामाइनपासून बनतात. हे प्लास्टिक जास्त तापलं की त्यातून नायट्रोजनची संयुगं सुटतात, आणि मासळीला जो वास असतो तोही त्याच घराण्यातला. म्हणून तापलेल्या बोर्डाला मासळीचा वास येतो. इतर ठिकाणी घरात अवेळी असा वास आला की माणसं चमकतात. आमच्या मुलखात तो वास आमच्या रोजच्या जेवणात लपून बसला.

मामा दुसऱ्या दिवशी दुपारी साखळीला आला. काठी टेकत गाडीत चढला. बरोबर टेस्टर, मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर आणि त्याची जुनी पत्र्याची पेटी. बोर्ड उघडण्याआधी त्याने प्लायवूडवर, जिथून आतली वायर जाते तिथून, हळूहळू मळहात फिरवला. मी विचारलं, असा उलटा हात का? म्हणाला, “तापल्याचं मळहाताला लवकर कळतं. आणि दुसरं म्हणजे बाय, शॉक बसला तर बोटं आत वळतात, मूठ आवळते. तळहाताने धरलंस तर जे धरलंस ते सुटत नाही. मळहात असला तर हात आपोआप लांब फेकला जातो.” आणि लगेच लेकीला बजावलं, की हे वीज बंद असताना करायचं, आणि चालू असेल तर वरच्या झाकणाला, उघड्या वायरीला कधीच नाही.

बोर्ड उघडला. स्क्रूखालची तांब्याची टोकं काळी पडली होती, आणि काळ्याच्या कडेला हिरवट पूड. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकतं, तसं हे तांबं कळकलं होतं. गोव्याची हवा खारी आहे, दमट आहे, आणि एसी बंद झाला की गार पडलेल्या पत्र्यावर पाणी धरतं. तांब्याचा काळा ऑक्साइड वीज धड वाहू देत नाही. स्क्रूवर पेचकस लावला तर तो पाव फेरा सहज फिरला. तीन वर्षं खड्ड्यांतून हादरत आलेल्या गाडीत स्क्रू ढिला होणारच. त्यातून एकाच स्क्रूखाली दोन वायरींची टोकं, एक जाड, एक बारीक. जाड टोक स्क्रूला तोलून धरतं आणि बारीक टोक नुसतं टेकून राहतं.

मग त्याने एक प्रयोग केला. तो मी इथे सांगते आहे तो समजण्यासाठी; मामासारखा हात असल्याशिवाय कुणी करू नये. आई आणि लेक अंगणात, नवरा ओसरीवरच्या बटणावर हात ठेवून उभा. जळका सॉकेट काढून टाकला होता, त्याच्या जागी दुसरा तात्पुरता लावला, पण स्क्रूखालची टोकं होती तशीच ठेवली. एसी आणि शेगडी दोन मिनिटं एकत्र चालवली. क्लॅम्प मीटरवर १४ अँपिअर. मल्टिमीटरवर घरातल्या पॉइंटला २१८ व्होल्ट, गाडीतल्या एमसीबीपाशी २१०, आणि सॉकेटच्या पिनांवर २०६.

लेक बाहेरून आकडे लिहून घेत होती. मामाने तिला विचारलं, “आठ व्होल्ट कुठे गेले?” ती म्हणाली, रिळाच्या वायरीत. “आणि पुढचे चार?” त्यातले दोन एमसीबीपासून बोर्डापर्यंतच्या सहा मीटर वायरीत गेले होते. उरलेले दोन एकट्या स्क्रूपाशी.

“दोन व्होल्ट गुणिले चौदा अँपिअर?”

“२८ वॉट.”

मामाने पेटीतून आपली सोल्डरिंगची छोटी इस्त्री काढून तिच्या समोर धरली. तिच्यावर लिहिलं होतं, २५ वॉट. शिसं वितळवणारी इस्त्री. तेवढीच उष्णता सहा मीटर वायरीत पसरते तेव्हा वायर कोमट होते. तीच बोटाच्या पेराएवढ्या जागेत साठते तेव्हा सॉकेट जळतो.

मला वाटायचं की एमसीबी कशासाठी असते, ती पडली असती की. मामा म्हणाला, १६ अँपिअरची एमसीबी, तिच्यातून १४ गेले, ती कशाला पडेल? तिला करंट कळतो, तिच्यापासून सहा मीटरवर एक स्क्रू ढिला झालाय ते कळत नाही. शिवाय ही गोष्ट स्वतःच वाढत जाते. सांधा तापला की सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्यांची पकड जाते, पकड गेली की ऑक्साइड धरतो, ऑक्साइड धरला की रोध वाढतो आणि सांधा आणखी तापतो. त्यात मे महिन्याच्या संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरतं. एसीच्या मोटरला व्होल्ट कमी मिळाले की ती तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दुप्पट, उष्णता चौपट.

फोमचा भाग मला सर्वांत जास्त लागला. आईला थंड वाटावं म्हणून जो फोम आम्ही हौसेने मारला, त्याच्या पोटातून मामाची दीडची वायर जात होती. उघड्यावर असलेली वायर आपली उष्णता हवेला देते. चहूबाजूंनी फोमने वेढली की तिच्यावर निम्माच भार धरायचा असतो. साध्या पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात ठेवू देत नाही, म्हणजे वायरीत वीज जायच्या आधीच ती निम्मी वाट चालून आलेली. आम्ही तिला भर उन्हाळ्यात दुलई पांघरली होती.

प्लायवूड उतरवलं, फोम सोलला, तेव्हा मामाचं २०१६ सालचं काम दिसलं. वायरी सरळ रेषेत, दर वीतभर अंतरावर मेणदोऱ्याने बांधलेल्या. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबराचं ग्रोमेट, म्हणजे पत्र्याची धार वायरीला कापू नये. गाडीच्या मूळच्या वायरींवर कागदाच्या छोट्या चिठ्ठ्या, त्याच्या अक्षरात: ३०, १५, ३१. फोम चिकटवताना लावलेल्या गोंदाने त्यातल्या अर्ध्या चिठ्ठ्या खाल्ल्या होत्या.

मामा बराच वेळ त्याकडे बघत बसला. मग एवढंच म्हणाला, “मला का विचारलं नाहीस?”

मी म्हटलं, “तुझं ऑपरेशन होतं, मामा.”

“गुडघ्याचं होतं,” तो म्हणाला. “कान चांगले होते.”

मला उत्तर सुचलं नाही. खरं कारण असं, की काम झालेलं आहे ते परत उघडायला लागेल, मामा आणखी आठ दिवस थांबा म्हणेल, आणि आईला आजच थंडावा हवा, या घाईत मला त्याचं ‘थांब’ ऐकायचं नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. तो हसला नाही की रागावला नाही. चिठ्ठीवरचा गोंद नखाने काढत राहिला.

त्या ३०, १५, ३१ आकड्यांची गोष्ट मात्र त्याने लेकीला मन लावून सांगितली. सत्तरच्या दशकात, विशीत असताना, तो म्हापशाच्या एका गॅरेजमध्ये काम शिकत होता. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत रस्त्याने आलेल्या व्हॅन तेव्हा हणजुणे, वागातोरला उभ्या असायच्या. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा घुसल्या आणि ती वाट बंद झाली. तोवर दर हिवाळ्यात त्या गाड्या गॅरेजात येत. जर्मन गाड्यांच्या वायरिंगला आकडे ठरलेले: ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी वीज, ३१ म्हणजे बॉडी, आपलं अर्थिंग. मामाला जर्मन येत नव्हतं, आकडे आले. पुढे खाणीतल्या गाड्यांमध्ये तेच आकडे भेटले, आणि आमच्या ट्रॅव्हलरच्या रिलेवरही ३० तिथेच आहे.

त्या व्हॅनमधल्या काही फार जुन्या फोक्सवॅगन ६ व्होल्टच्या होत्या. त्यांच्या वायरी पाहून तो बुचकळ्यात पडला होता, एवढासा दिवा आणि वायर एवढी जाड का? मिस्त्रीने त्याला सांगितलं की व्होल्ट कमी तर करंट जास्त, करंट जास्त तर वायर जाड. तो हे सांगत असताना माझा नवरा हळूच म्हणाला की पुढे-मागे बॅटरी आणि इन्व्हर्टर टाकून एसी चालवावा असं मनात आहे. मामाने लेकीकडे बघितलं. तिने भागाकार केला: एसी ११५० वॉट, बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे ९६ अँपिअर, इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं धरलं तर शंभराच्या वर, आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका वेगळा. अंगठ्याएवढी केबल लागेल. नवऱ्याने तो विषय परत काढला नाही.

काम जूनमध्ये झालं. ३१ जुलैपर्यंत दोन महिने मासेमारी बंद असते, ट्रॉलर जेटीला लागलेले असतात, आणि त्यांचं वायरिंग करणारी माणसं तेव्हा हाताला लागतात. मामा आम्हाला मालीमला घेऊन गेला. त्याला होड्यांत वापरतात ती वायर हवी होती. तिचं तांबं नेहमीसारखं लालसर नसतं, रुपेरी दिसतं. प्रत्येक तारेवर कथलाचा पातळ थर असतो. आईने ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, ही तर कल्हई. आमच्या दारात पूर्वी कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, नवसागराचा धूर निघायचा आणि काळं पातेलं आतून चंद्रासारखं व्हायचं. आंबट पदार्थ कळकू नये म्हणून पातेल्याला जे करतात, तेच खाऱ्या हवेसाठी वायरीला केलेलं होतं. आईला त्यापुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

बाहेरून गाडीत येणारी मुख्य वायर चारची घातली. एसीला आणि शेगडीला अडीचच्या दोन वेगळ्या लाइनी, प्रत्येकीला स्वतःची एमसीबी, लूप कुठेही नाही. वायरी फोमच्या पोटातून काढून आतल्या बाजूने, प्लायवूडवर, उघड्या पट्टीतून नेल्या. त्या दिसतात, आणि दिसलेल्या बऱ्या. बाहेर घरगुती टॉपऐवजी निळा, गोल, झाकणाचा इंडस्ट्रियल सॉकेट लावला. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारं बटण, बसवली, कारण पत्र्याची गाडी रबराच्या टायरांवर उभी असते. आत कुठे फेज बॉडीला टेकली तर सगळी गाडी जिवंत होते, आणि पावसात ओल्या जमिनीवर पाय ठेवून दाराला हात लावणारा पहिला माणूस तिचं अर्थिंग होतो. आणि शेवटी मामाने एक फिरकीचा स्विच लावला: एकीकडे एसी, एकीकडे शेगडी. दोन्ही एका वेळी चालतच नाहीत. १६ अँपिअरच्या घरगुती पॉइंटवर तासन्‌तास १४ अँपिअर ओढू नयेत, तो पॉइंट दुसऱ्याच्या घराचा असतो आणि त्याच्या आतले स्क्रू आपण पाहिलेले नसतात, असं त्याचं म्हणणं. आणि रीळ वापरायचं तर शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडायचं.

टोकं तयार करताना मी त्याच्या शेजारी बसून होते. मऊ, अनेक तारांची वायर. प्रत्येक टोकावर थिंबल, ते पकडीने दाबून बसवायचं, वर स्लीव्ह चढवून गरम करायची. मी विचारलं की तू पूर्वी टोकांना शिसं लावायचास ना? लहानपणी त्याच्या वर्कशॉपच्या कपड्यांना येणारा राळेचा वास मला आठवतो. तो थांबला. “लावायचो. सगळेच लावायचे. काम छान दिसायचं. पण शिसं मऊ असतं, स्क्रूखाली दाबत दाबत सरकतं, आणि सहा महिन्यांनी स्क्रू ढिला. शिवाय हादऱ्याने जिथे शिसं संपतं तिथेच तार तुटते. आम्हाला वाटायचं, गाड्याच वाईट.” मग म्हणाला, “किती गाड्यांत मी ते करून ठेवलंय.” सत्तरी उलटलेल्या माणसाने आपल्या उमेदीच्या वर्षांबद्दल असं सरळ बोलावं, हे मी त्याआधी घरात कधी ऐकलं नव्हतं. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण त्याच्या हातात पकड होती, आणि पकड हातात असताना त्याला कुणी शिवलेलं चालत नाही.

आग विझवायचा सिलिंडर आम्ही चालकाच्या सीटमागे, दाराजवळ ठेवला. आधी तो मागे, एसीखाली होता, म्हणजे आग जिथे लागेल नेमका तिथे.

पाऊस लागला. गाडी अंगणात मांडवाखाली उभी आहे. एसीची गरज जूनमध्ये उरली नाही, तरी पहिल्या आठवड्यात मामा रोज चार वाजता यायचा, एसी तासभर चालवायला लावायचा आणि नव्या सॉकेटवर मळहात ठेवायचा. मग आईच्या हातचा चहा घेऊन जायचा. दर तीन महिन्यांनी वीज बंद करून सगळे स्क्रू तपासायचे, ते काम त्याने लेकीकडे दिलं आहे. तिने कपाटाच्या आतल्या बाजूला तारखांचा कागद चिकटवला आहे, आणि गोंदाने खराब झालेल्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या आहेत: ३०, १५, ३१.

काल संध्याकाळी पावसाने जोर केला. वीज जाऊन-येऊन होती. मी वह्या तपासत बसले होते आणि एकदम खाऱ्याचा वास आला. हातातली वही कुठे ठेवली ते मला आठवत नाही. छत्री घेऊन अंगणात गेले, गाडीचं दार उघडलं, अंधारातच बोर्ड चाचपला आणि मळहात टेकला. गार होता. मुख्य बटण बंदच होतं, बाहेरची वायर काढून गुंडाळून ठेवलेली होती.

घरातून आईने हाक मारली. चुलीवर बांगडे भाजले होते, पेज गार होत होती.

मी आणखी थोडा वेळ तिथे थांबले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग बाकावर आईची उशी राहिली होती ती काखेत घेतली आणि घरात गेले.